सागरी कवच खंडीय कवचाखाली का बुडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका दमात उत्तर द्यायचं तर?

समुद्रतळ जन्मतो तेव्हा गरम असतो. पुढे कोट्यवधी वर्षं तो थंड होत जातो, थंड होता होता जाड आणि जड होतो, आणि शेवटी ज्या प्रावरणावर (कवचाखालच्या दगडाच्या जाड थरावर) तो टेकलेला असतो त्याच्याहूनही जड होऊन बसतो. खंडाला हे जमत नाही, कारण त्याच्याकडे हलक्या दगडाचा भलामोठा साठा असतो. त्यामुळे दोघं समोरासमोर आले की खाली कोण जाणार हे आधीच ठरलेलं असतं. या खाली जाण्याला अधोगमन म्हणतात. बरेच जण सरळ सबडक्शनच म्हणतात.

‘जड खाली, हलकं वर’ हे शाळेत शिकलो होतो. ते चूक आहे का?

चूक नाही, अर्धवट आहे. सागरी कवच बेसाल्ट आणि गॅब्रो या दगडांचं असतं, त्याची घनता साधारण २.९ ते ३.० ग्रॅम प्रति घन सेंमी. खंडीय कवचाची सरासरी २.७ ते २.८. या दोघांत सागरी कवच जड, हे खरंच.

पण मुळात तुलनाच चुकीच्या जोडीदाराशी केली जाते. सागरी कवचाला बुडायचं असतं ते प्रावरणात, खंडात नव्हे. म्हणून बघायला हवी प्रावरणाची घनता, आणि ती आहे सुमारे ३.३. म्हणजे सागरी कवच प्रावरणापेक्षा चांगलंच हलकं आहे! सुटं कवच प्रावरणावर ठेवलं तर ते निवांत तरंगत राहील. बहुतेक स्पष्टीकरणं याच्या अलीकडे थांबतात, आणि नीट विचार करणारा विद्यार्थी नेमका इथेच अडतो. त्याचं अडणं बरोबर आहे.

मग बुडतं ते नेमकं काय?

भूपट्ट, म्हणजे प्लेट. कवच हा तिचा फक्त वरचा थर. समुद्राखाली तो जेमतेम ७ किमी जाडीचा असतो. त्याच्या खाली प्रावरणाचाच थंड होऊन कडक झालेला भाग चिकटलेला असतो, आणि जुन्या समुद्रतळाखाली कवच धरून ही सगळी जाडी १०० किमीच्या आसपास जाते. या पूर्ण थराला शिलावरण म्हणतात. त्याखालचं प्रावरण घनच असतं, पण इतकं तापलेलं की लाखो वर्षांच्या हिशोबात ते मऊ पदार्थासारखं सरकतं.

मध्य-सागरी पर्वतरांगेत नवा तळ तयार होतो तेव्हा कवचाखाली जवळपास लगेच गरम प्रावरण असतं, कडक भाग नावापुरताच. तळ रांगेपासून दूर सरकत जातो तशी वरून समुद्राच्या पाण्यात उष्णता जात राहते आणि थंडी खाली खाली उतरते. जे प्रावरण काल मऊ होतं ते आज कडक होऊन प्लेटला खालून चिकटतं. प्लेट अशी वयाबरोबर तळातून जाड होते.

याचा पुरावा समुद्राच्या खोलीतच आहे. रांगेच्या माथ्यावर पाणी सुमारे २,५०० मीटर खोल असतं. एक कोटी वर्षं वयाच्या तळावर ते ३,६०० मीटरच्या आसपास, तर जुन्यात जुन्या तळावर ६,००० मीटरच्या घरात. आकुंचन पावलेली, जड झालेली प्लेट खाली बसत जाते म्हणून हे होतं. पहिली सात-आठ कोटी वर्षं ही वाढ वयाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते, म्हणजे वय चौपट झालं की बसणं दुप्पट. भूशास्त्रात इतकी सरळ सूत्रं फार सापडत नाहीत, त्यामुळे हे मला विशेष आवडतं.

थंडीने दगड असा कितीसा जड होणार?

फार नाही, पण पुरेसा. कागदावर हिशोब करून बघू.

प्रावरणाचा दगड एक अंश थंड झाला तर साधारण एक लाखात तीन भाग आकुंचन पावतो. प्लेटचा वरचा पृष्ठभाग जवळपास शून्य अंश, तळ सुमारे १,३०० अंश. सरासरी धरली तर प्लेट खालच्या प्रावरणापेक्षा ६५० अंशांनी थंड. गुणाकार केला की घनतेत जवळपास दोन टक्के वाढ येते, म्हणजे ३.३ च्या जागी ३.३६.

आता दोन प्लेटा घ्या. पहिली कोवळी, ३० किमी जाडीची. तिच्यातलं ७ किमी कवच प्रावरणापेक्षा ०.३५ ने हलकं, ही २.४५ ची तूट. उरलेलं २३ किमी थंड प्रावरण ०.०६ ने जड, ही १.४ ची भर. तूट जास्त, म्हणून प्लेट तरंगते. दुसरी म्हातारी, १०० किमी जाडीची. तूट तेवढीच, २.४५, कारण कवचाची जाडी काही वयाबरोबर वाढत नाही. भर मात्र ९३ किमी गुणिले ०.०६, म्हणजे सुमारे ५.६. आता पारडं फिरलं.

आकडे ढोबळ आहेत, पण मुद्दा पक्का आहे: तूट कायम राहते आणि भर वाढत जाते. पारडं फिरण्याचं वय वेगवेगळ्या गणितांत २ ते ४ कोटी वर्षं येतं. त्याहून जुना समुद्रतळ तत्त्वतः बुडायला तयार असतो.

बुडायला लागल्यावर पुढे काय?

पुढे काम सोपं होतं. प्लेट साधारण ५० ते १०० किमी खोलीवर पोचली की दाबामुळे बेसाल्टमधली खनिजं मोडून नवी बनतात आणि दगड एक्लोजाइट होतो. एक्लोजाइट दिसायला देखणा असतो, हिरव्या पायरोक्सिनमध्ये तांबड्या गार्नेटचे दाणे पेरलेले. महत्त्वाची मात्र त्याची घनता: सुमारे ३.४ ते ३.५. इतका वेळ प्लेटला तरंगत ठेवू बघणारं कवचच आता तिला खाली खेचू लागतं.

प्लेटला मागून ढकललं जातं, की पुढून ओढलं जातं?

मुख्यतः ओढलं जातं. दोरीवर ओली चादर टाकली आणि तिचं एक टोक जास्त लोंबलं, की बाकीची चादर आपसूक घसरत येते. कुणी ढकलावं लागत नाही. बुडालेला भाग वरच्या प्लेटला असाच ओढतो.

१९७५ मध्ये डोनाल्ड फोर्सिथ आणि सेइया उयेदा यांनी सगळ्या प्लेटांचे वेग आणि त्यांच्या कडा यांची तुलना केली. ज्यांच्या कडेला बुडणारा भाग जोडलेला आहे त्या प्लेटा वेगवान निघाल्या. पॅसिफिक, नाझका, कोकोस या त्या गटातल्या, वर्षाला ६ ते १० सेंमी. आफ्रिका किंवा युरेशिया यांना असं शेपूट जवळपास नाही, आणि त्या दोन-तीन सेंमीवर रेंगाळतात. मध्य-सागरी रांग उंच असल्यामुळे तिच्या उतारावरून थोडा रेटा मिळतो, तो नाकारायचं कारण नाही, पण तो बराच दुबळा.

पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांत प्रावरणात गोल फिरणारे बाण काढून त्यांच्यावर प्लेटा वाहून जाताना दाखवतात. त्या आकृतीने फार नुकसान केलं आहे असं माझं मत. प्लेट ही त्या अभिसरणावर बसलेली प्रवासी नाही. ती स्वतःच अभिसरणाचा वरचा, थंड झालेला भाग आहे, आणि तिचं बुडणं हीच त्याची खाली जाणारी बाजू आहे.

खंड का बुडत नाही?

वरचाच हिशोब खंडाला लावा. कवच सरासरी ३५ ते ४० किमी जाड, आणि प्रावरणापेक्षा ०.५ ने हलकं. म्हणजे तूट साडेसतरा ते २० च्या घरात. खालचं प्रावरण कितीही गोठलं तरी ही तूट भरून निघणं अवघड.

मात्र ‘खंड मुळीच खाली जात नाही’ हे विधान आता कुणी करत नाही. १९८४ मध्ये ख्रिश्चन शोपाँ या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने आल्प्समधल्या डोरा माइरा भागातल्या खडकांत कोएसाइट शोधलं. कोएसाइट म्हणजे साधी वाळू ज्याची असते त्या क्वार्ट्‌झचंच दाट रूप, आणि ते तयार व्हायला सुमारे ९० किमी खोलीचा दाब लागतो. खडक मात्र उघडउघड खंडीय. म्हणजे खंडाची कड समुद्रतळाच्या मागोमाग ओढली जाऊन तेवढी खोल गेली होती आणि परत वर आली. लडाखच्या त्सो मोरीरी परिसरातही असे खडक सापडले आहेत. बूच पाण्यात दाबून धरता येतं, पण हात काढला की वर येतं, तसाच प्रकार.

दोन खंड भिडले तर?

कुणीच नीट बुडत नाही, आणि डोंगर उभा राहतो. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता. त्याचा तळ आशियाखाली जात राहिला आणि संपला. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारताचा खंडीय भाग येऊन थडकला. तिथून पुढे हिमालय आणि तिबेट. तिबेटच्या खाली कवचाची जाडी आज ७० किमीपर्यंत आहे, सर्वसाधारण खंडाच्या जवळपास दुप्पट.

म्हणजे समुद्रतळ कधीच म्हातारा होत नाही?

होतो, पण टिकत नाही. महासागरांचा तळ जवळपास सगळीकडे १८ ते २० कोटी वर्षांहून तरुण आहे. खंडांवर कॅनडातले अकास्टा नाइस खडक ४०० कोटी वर्षांचे आहेत. पृथ्वीचा जुना इतिहास वाचायचा तर तो खंडांवरच वाचावा लागतो, समुद्राने आपली जुनी पानं गिळून टाकली आहेत.

दोन्ही बाजूंना समुद्रतळच असेल तर कोण खाली जातो?

जास्त म्हातारा. प्लेट बुडते तिथे समुद्रतळात खोल, लांबट दरी पडते, तिला गर्ता म्हणतात. पश्चिम पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेत पॅसिफिक प्लेट फिलिपीन समुद्राच्या प्लेटखाली जाते. तिथला पॅसिफिक तळ १५ कोटी वर्षांहून जुना, समोरचा त्याच्या निम्म्याहून तरुण. दोन्हीकडे बेसाल्टच, तरीही कोण बुडणार यात शंका नाही. ‘समुद्री जड, खंडीय हलकं’ एवढंच पाठ केलेल्याला हे उदाहरण उलगडत नाही. वयाचा हिशोब कळला की लगेच उलगडतं. जगातली सर्वांत खोल जागा, सुमारे १०,९०० मीटरची चॅलेंजर डीप, याच गर्तेत आहे, आणि म्हाताऱ्या प्लेटचं वजन हे त्यामागचं एक मोठं कारण.

अटलांटिकचा तळही जुना आहे. मग तो अमेरिकेखाली का जात नाही?

हा माझ्या मते या विषयातला सर्वांत चांगला प्रश्न. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचा तळ १७-१८ कोटी वर्षांचा आहे. हिशोबाने तो कधीच बुडायला हवा होता. पण तिथे गर्ता नाही, ज्वालामुखी नाहीत, मोठे भूकंप नाहीत. समुद्रतळ आणि खंड एकाच प्लेटचे भाग म्हणून शेजारी शेजारी नांदताहेत.

कारण असं की जड असणं आणि बुडू शकणं या दोन वेगळ्या गोष्टी. बुडण्यासाठी प्लेट आधी तुटली पाहिजे आणि मग वाकली पाहिजे. थंड प्लेट जितकी जड तितकीच कडक, त्यामुळे ज्या वयात तिला बुडायची सर्वांत जास्त ओढ असते त्याच वयात ती तोडायला सर्वांत अवघड असते. एकदा सुरू झालेलं अधोगमन स्वतःच्या वजनावर चालू राहतं; सुरू होणं हीच खरी अडचण.

मग ते सुरू होतं कुठे? जिथे आधीच चीर आहे तिथे. समुद्रतळावर शेकडो किमी लांबीचे जुने भंग असतात, त्यांच्या एका बाजूला म्हातारा तळ आणि दुसऱ्या बाजूला कोवळा. पाणी आत शिरून तिथल्या पेरिडोटाइटचं, म्हणजे प्रावरणाच्या दगडाचं, सर्पेंटाइन बनवतं, आणि सर्पेंटाइन हा निसरडा, दुबळा दगड. प्लेटांची दिशा थोडी बदलली, दाब आला, की अशा भंगावर म्हातारी बाजू खाली झुकू शकते. मारियाना आणि तिच्या उत्तरेची इझू-बोनिन रांग यांचं अधोगमन सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सुरू झालं, आणि तिथल्या तळावर छिद्रं पाडून काढलेल्या खडकांत त्या सुरुवातीच्या काळातला लाव्हा सापडतो.

अटलांटिकमध्ये आज दोनच ठिकाणी ठळक अधोगमन चालू आहे: कॅरिबियनच्या पूर्व कडेला लेसर अँटिलीझ, आणि दक्षिणेला साउथ सँडविच बेटं.

काही ठिकाणी अगदी कोवळा तळही खाली जातो असं वाचलं. ते कसं?

खरं आहे. चिलीच्या दक्षिण भागात तर चक्क मध्य-सागरी रांगच खंडाखाली जाते, म्हणजे नुकताच जन्मलेला तळ. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर हुआन दे फुका प्लेट आहे, तिचं वय गर्तेपाशी एक कोटी वर्षांच्याही आत. या प्लेटा स्वतःच्या वजनाने बुडाल्या नसत्या. पण त्यांच्या पुढचा म्हातारा भाग आधीच खाली गेलेला असतो आणि तो मागच्यांना ओढत राहतो. शिवाय वरचा खंडही त्यांच्या अंगावर चालून येत असतो.

अशा नाखुशीने बुडणाऱ्या प्लेटा कधी कधी आडव्याच सरकतात. पेरूखाली नाझका प्लेट सुमारे १०० किमी खोल जाते आणि मग शेकडो किमी जवळपास सपाट पुढे जाते, कारण तिच्या पाठीवर नाझका रिज नावाचा जाड, हलका उंचवटा आहे. त्या पट्ट्यात अँडीज आहे, पण जिवंत ज्वालामुखी नाहीत.

उंचवटा फारच मोठा असला तर अधोगमन तुंबतं. पश्चिम पॅसिफिकमधलं ऑन्टाँग जावा पठार हे ३० किमीहून जाड सागरी कवच आहे. ते सॉलोमन बेटांपाशी येऊन अडकलं आणि तिथे अधोगमनाची दिशाच उलटली. आता समोरची प्लेट बेटांखाली जाते.

हे सगळं कुणी पाहिलं आहे का? इतक्या खोलवरचं कसं कळतं?

डोळ्यांनी कुणी नाही. पण साक्षीदार बरेच आहेत, आणि ते एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगतात.

पहिली साक्ष भूकंपांची. जपानच्या कियो वादाती यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं की काही भूकंप शेकडो किमी खोल होतात, आणि गर्तेपासून खंडाकडे जावं तसे ते अधिकाधिक खोल जातात. अमेरिकेत ह्यूगो बेनिऑफ यांनी असेच तिरपे पट्टे इतरत्र नोंदवले. आज या पट्ट्यांना वादाती-बेनिऑफ पट्टे म्हणतात. त्यांचा तळ सुमारे ७०० किमीवर संपतो. २४ मे २०१३ रोजी ओखोत्स्क समुद्राखाली ८.३ तीव्रतेचा भूकंप सुमारे ६०० किमी खोलीवर झाला. एवढ्या खोलीवर दगड तुटायचा तर तो आजूबाजूच्यापेक्षा बराच थंड असायला हवा.

दुसरी साक्ष गुरुत्वाकर्षणाची. जहाज डुलतं म्हणून नाजूक मोजमाप पाणबुडीतून करायचं, असं डच शास्त्रज्ञ फेलिक्स वेनिंग माइनेस यांनी १९२० च्या दशकात ठरवलं, आणि जावाच्या गर्तेवर गुरुत्व अपेक्षेपेक्षा बरंच कमी आढळलं. तळ तरंगायचा तर तिथे तो इतका खोल नसता. काहीतरी त्याला खाली धरून ठेवत होतं.

तिसरी १९६७ ची. जॅक ऑलिव्हर आणि ब्रायन आयझॅक्स टोंगा-फिजी भागातले खोल भूकंप तपासत होते. टोंगाकडे येणाऱ्या लाटा तीक्ष्ण, फिजीकडे जाणाऱ्या बोथट. टोंगाचा मार्ग त्या तिरप्या पट्ट्यातून वर येतो. म्हणजे तिथे १०० किमी जाडीची थंड, कडक पाटी प्रावरणात शिरलेली आहे, तिच्यातून लाटा विझत नाहीत. पुढे हजारो भूकंपमापकांच्या नोंदी एकत्र करून प्रावरणाची चित्रं काढता येऊ लागली, आणि त्यांत या थंड पाट्या दिसतातच.

पण मला सर्वांत पटलेला पुरावा बेरिलियम-१० चा. वातावरणावर विश्वकिरण आदळून बेरिलियमचं हे किरणोत्सारी रूप तयार होतं, पावसाबरोबर खाली येतं आणि समुद्राच्या गाळात बसतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षं, त्यामुळे एकाद कोटी वर्षांत ते संपल्यात जमा. पृथ्वीच्या पोटात ते असायचं कारणच नाही. तरीही मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाच्या ज्वालामुखींच्या ताज्या लाव्हात ते सापडलं. म्हणजे कधीतरी पावसात पडलेला अणू समुद्राच्या चिखलात गेला, चिखल प्लेटवर बसून सुमारे १०० किमी खाली गेला, आणि संपून जायच्या आत ज्वालामुखीतून बाहेर आला.

खाली गेलेली प्लेट वितळून ज्वालामुखी होतो, बरोबर?

सहसा नाही. हा गैरसमज इतका पसरला आहे की तो काढता काढता पुरेवाट होते. बुडणारी प्लेट ही त्या खोलीवरची सर्वांत थंड वस्तू आहे, तीच आधी कशी वितळेल?

वितळतं ते तिच्या वरचं प्रावरण, आणि त्याचं कारण पाणी. समुद्रतळाच्या खडकांत पाणी खनिजांच्या रचनेत अडकलेलं असतं. खाली दाब आणि उष्णता वाढली की ती खनिजं मोडतात, पाणी सुटतं आणि वर झिरपतं. कोरडं प्रावरण ज्या तापमानाला घन राहतं त्याच तापमानाला ओलं प्रावरण वितळू लागतं. पाण्यामुळे वितळणबिंदू काही शे अंशांनी उतरतो. म्हणून ज्वालामुखींची रांग गर्तेवर नसते. ती आत असते, जिथे खालची प्लेट सुमारे १०० किमी खोल गेलेली असते तिथे.

हेच पाणी पुढे मॅग्मातून वाफ होऊन सुटतं आणि उद्रेक स्फोटक होतो. १८८३ चा क्राकाटोआ, १९८० चा सेंट हेलेन्स, १९९१ चा पिनाटुबो, सगळे याच जातीचे.

जगातले सर्वांत मोठे भूकंप अधोगमनाच्या जागीच का होतात?

कारण तिथे घासणारा पृष्ठभाग अवाढव्य असतो. उतार मंद, त्यामुळे दोन प्लेटांचा थंड, अडकू शकणारा संपर्क शंभरेक किमी रुंद आणि शेकडो किमी लांब. खालची प्लेट दरवर्षी काही सेंमी पुढे जाते, वरची तिच्याशी अडकून वाकत राहते, आणि शतकाभराची साठवण दोन-चार मिनिटांत सुटते. २२ मे १९६० रोजी चिलीत झालेला ९.५ तीव्रतेचा भूकंप आजवर नोंदलेल्यांतला सर्वांत मोठा. ११ मार्च २०११ ला जपानच्या तोहोकू किनाऱ्यासमोर गर्तेजवळचा समुद्रतळ सुमारे ५० मीटर सरकला.

हे सुटणं साध्या डोळ्यांनी दिसतं. २० फेब्रुवारी १८३५ ला चिलीत कन्सेप्शनचा भूकंप झाला तेव्हा बीगल जहाज त्याच किनाऱ्यावर होतं. कॅप्टन फिट्झरॉय यांना सांता मारिया बेटावर भरतीच्या रेषेच्या सुमारे दहा फूट वर, खडकाला अजून चिकटलेले पण सडू लागलेले शिंपले दिसले. शिंपले हलले नव्हते, बेटच वर आलं होतं. जहाजावरच्या डार्विनने हे टिपून ठेवलं. वरच्या प्लेटची अडकलेली कड सुटून उसळली की काय होतं, ते असं दिसतं. त्यामागची यंत्रणा कळायला मात्र १९६० चं दशक उजाडावं लागलं.

प्लेट शेवटी जाते कुठे?

सुमारे ६६० किमीवर प्रावरणातली खनिजं पुन्हा बदलतात आणि तिथे प्लेटला अडथळा होतो. जपानच्या पश्चिमेला ती त्या पातळीवर आडवी पसरलेली दिसते. मध्य अमेरिकेखाली मात्र ती अडथळा पार करून खालच्या प्रावरणात उतरली आहे. काही पाट्यांचे अवशेष तर २,९०० किमीवर, गाभ्याच्या सीमेपर्यंत पोचल्याचं दिसतं. उत्तर अमेरिकेखाली फॅरलॉन या पॅसिफिकमधल्या, आता जवळपास संपलेल्या प्लेटचे आणि भारताखाली टेथिसच्या तळाचे तुकडे आजही शोधता येतात. वर समुद्र उरलेला नाही, खाली त्याचा तळ आहे.

समुद्रतळ खंडावर चढल्याचं एकही उदाहरण नाही?

आहे. ओमानमध्ये सुमारे ९.५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा भलामोठा तुकडा अरबी खंडाच्या कडेवर चढून बसला आहे. कवच आणि त्याखालचं प्रावरण यांची सीमा तिथे चालत जाऊन पाहता येते. हा तळ तेव्हा नुकताच तयार झालेला होता, म्हणजे गरम आणि हलका, आणि खंडाची कडच त्याच्याखाली ओढली जात होती. पुढे कड अडकली आणि वर उचलली गेली, तेव्हा तळ तिच्या पाठीवर राहून गेला.

अणुकचरा गर्तेत टाकला तर पृथ्वीच गिळून टाकेल ना?

ही कल्पना दर काही वर्षांनी कुणीतरी नव्याने मांडतं. प्लेट वर्षाला ८ सेंमी जाते असं धरलं तर एक किलोमीटर आत जायला साडेबारा हजार वर्षं लागतील. तोपर्यंत कचरा गर्तेच्या तळाशी, जगातल्या सर्वांत भूकंपप्रवण जागी, उघडाच पडून राहणार. त्यातही गर्तेतला गाळ सगळा खाली जात नाही; बराचसा वरच्या प्लेटच्या कडेला खरवडला जाऊन तिथेच साचतो, आणि जो खाली जातो त्यातलं काय काय वर येतं ते निकाराग्वाच्या लाव्हाने दाखवलंच आहे. शिवाय समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकायला लंडन करारानुसार बंदी आहे.